कानात राहिलेला सुरुंग

दुपारच्या गाडीच्या कंडक्टरनं परंड्याच्या स्टँडवर कुणाला तरी निरोप सांगितला आणि तो माणूस आमच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, येरमाळ्याच्या अक्का गेल्या. सकाळी." एवढंच बोलून तो गेला. मी भाकरीचं पीठ मळत होते. हात परातीतच राहिले. मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की त्यांच्या कानातला आवाज आता थांबला असेल का... येरमाळ्याला पोचेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. आता महिना होत आला, तरी एका जागी बसवत नाही. म्हणून लिहायला घेतलं.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. परंड्याला आम्ही फार पुढं आलो; मी लग्न होऊन येरमाळ्याजवळच्या एका गावात आले तेव्हा घर त्यांच्याच हातात होतं. हसऱ्या, बोलक्या, पण दुपारची जेवणं उरकली की गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकून डोळे मिटायच्या आणि मला बजावायच्या, "आता घटकाभर कुनी बोलायचं न्हाय बग." झोपायच्या नाहीत, नुसत्या शांत बसायच्या. भरल्या घरात त्यांच्या एकटीच्या मालकीचं काही असेल, तर ती दुपारची शांतता.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराला आमच्या माळावर विहीर खोदायला काढली. खाली काळा खडक लागला, तेव्हा सुरुंगवाले बोलावले. ते खडकाला भोकं पाडायचे, दारू ठासायचे, वात पेटवायचे आणि "बार हाय, बाऽऽर!" असं ओरडत लांब पळायचे. त्या दिवशी बार उडाले, धूर विरला, आणि अक्कांच्या मालकांनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, काठावरून हात हलवला. "झालं समदं, या आता." अक्का भाकरीची पाटी घेऊन पुढं झाल्या. त्या काठाशी पोचल्या आणि राहिलेला एक बार उडाला.

दैव असं की कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अक्का दगडाच्या ढिगावर धपकन बसल्या होत्या, अंगभर पांढरी धूळ, आणि आमचे घाबरलेले चेहरे बघून त्याच हसत होत्या. दिवेलागणीला मात्र त्यांनी विचारलं, "गं सुमे, घरात रातकिडा कुठनं आला?" मी कान दिला. काहीच नव्हतं. सगळी घोंगडी झटकली, कणग्या हलवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की तो रातकिडा त्या जातील तिथं बरोबर येतो.

लसणाचं तेल झालं, धुरी झाली. शेवटी दादा त्यांना बार्शीला घेऊन गेले, सोबत मी. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, कान धड आहेत, पण धक्क्यानं आतली नस दुखावली आहे. आवाज राहील, मन दुसरीकडं रमवा. परतीच्या गाडीत अक्का खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. इंजिन खडखडत होतं, पत्रा थरथरत होता. एकाएकी माझा हात दाबून म्हणाल्या, "मोटारीत तो गप हाय बग. ही अशीच चालत ऱ्हावी, गाव येऊच ने."

पण गाव आलं. मग त्या बदलत गेल्या. बसायच्या नाहीतच. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायच्या, घासलेली भांडी पुन्हा घासायच्या, दुपारच्या शांत वेळेला तर घरातून उठून रानात चालत सुटायच्या. कुणी हळू बोललं की चिडायच्या, मोठ्यानं बोललं की कान झाकायच्या. मी एकदा विचारलं, कसा असतो तो आवाज? "दगडावर पितळी घासत्यात न्हवं, तसा. पर घासणारा दमतच न्हाय गं."

सासूबाईंनी वेगळाच अर्थ लावला. "येडाई देवी बोलतीया तिच्या कानात," त्यांनी गल्लीत सांगितलं, आणि बायका नारळ घेऊन यायला लागल्या. कुणाचा नवरा परागंदा, कुणाची कूस उजवत नव्हती. अक्का डोळे मिटून दोन शब्द बोलल्या असत्या, तर जन्मभर गाव त्यांच्या पाया पडलं असतं. सासूबाईंनी पाटसुद्धा मांडला. त्या दिवशी शेजारची रुक्मिणी तापानं फणफणलेली पोर पदरात घेऊन आली. "देवी काय म्हंती, सांगा की अक्का."

अक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मग पाट पायानं सरकवला. "देवी काय म्हनत न्हाय. माज्या कानात सुरुंग बसलाय, दुसरं कायबी न्हाय. ऊठ, पोरीला दवाखान्यात न्यायचं." आणि रुक्मिणीला घेऊन स्वतः रस्त्याला लागल्या. पोर वाचली. सासूबाई मात्र पुढं कितीतरी दिवस अक्कांशी बोलल्या नाहीत. नारळ यायचे बंद झाले, गाव 'येडी' म्हणायला लागलं.

एका दुपारी अक्का कुठं दिसेनात. मी रानात पळाले. त्या त्याच विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. विहिरीला आता पाणी होतं. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "जितनं आलाय, तितंच त्याला टाकून यावं वाटतंय..." मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. दोघी खाली बसलो. किती वेळ, ठाऊक नाही.

मी हे दादांना सांगितलं. थोरल्या दिराशी तोंड वर करून बोललेली ती पहिली वेळ. त्यांनी ऐकून घेतलं, आणि इतकंच म्हणाले, "म्याच म्हनलं हुतं, या आता म्हून." पुढच्या पाडव्याला त्यांनी रान धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि येरमाळ्याला सडकेच्या कडेला पत्र्याचं हॉटेल टाकलं. लोक हसले. बागायत सोडून कुणी कपबशा विसळायला जातं का? पण तिथं दिवसभर मोटारी थांबत, ट्रक घरघरत, क्लीनर पोरं आरडाओरडा करत. अक्का गल्ल्याशेजारी बसायला लागल्या. हो, बसायला! आवाज गेला नव्हता. सडक ओस पडली की तो यायचाच, मग त्या उठून येरझाऱ्या घालायच्या. पण मागं मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "भांडून दमले गं. आता त्यो बी हाय, म्या बी हाय. कधी त्याची पाळी, कधी माजी."

तेराव्यानंतर मी परंड्याला निघाले. गाडीला वेळ होता म्हणून हॉटेलात टेकले. गिऱ्हाईक नव्हतं, तरी आत स्टो भरभरत होता. पुढं अक्कांसाठी दादांनी घेतलेला मोठा पितळी स्टो, समोरची सडक ओस पडली की नुसत्या आवाजासाठी ते तो त्यांच्याजवळ नेऊन पेटवत. त्यावर आधण नव्हतं, काहीच नव्हतं. घासलेट उगाच जळतंय म्हणून मी चावी फिरवायला वाकले.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. ते अक्कांच्या जागेवर बसले होते. "बंद केला की लई शांत हुतंय हितं."

आणि त्यांनी वाकून स्टोला पंप मारला.