शास्त्राच्या मातीला

कोगनोळीचा नाका मागे पडला आणि दुकानांच्या पाट्या कन्नड झाल्या. बोलणं मात्र बदललं नाही. माझ्या पुढच्या सीटवरचे दोघे कागलपासून उसाच्या टोळीवरून भांडत होते, ते कर्नाटकात शिरल्यावरही त्याच मराठीत भांडत राहिले. मी पुण्याहून निघालो होतो तो एका मातीला. माती माणसाची नव्हे, पुस्तकाची होती.

निपाणीच्या मावशीचा फोन आला होता. माझं शास्त्र मातीला द्यायचं आहे, तू ये, एवढंच ती म्हणाली. शास्त्र म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं पवित्र शास्त्र, बायबल. मावशीच्या आणि माझ्या आईच्या माहेरी, बेळगावजवळच्या पिरनवाडीला, जुनी रीत आहे. शास्त्र फाटून वाचण्याजोगं राहिलं नाही, तरी ते रद्दीत घालत नाहीत की जाळत नाहीत. वर्षातून एकदा थडगी साफ करून चुना लावतात, त्या दिवशी मंडळीतली (चर्चच्या सभासदांची) सगळी जीर्ण शास्त्रं पांढऱ्या कापडात गुंडाळून दफनभूमीच्या कोपऱ्यात पुरतात. आईकडून हे ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. त्यातून मी स्वतः हल्ली मोबाईलवरच वाचतो. अशा माणसाला तिथं काय वाटेल, याचंच मला जास्त कुतूहल होतं.

निपाणी स्टँडवर उतरलो तर वखारींकडून येणारा तंबाखूचा वास नाकात बसला आणि मला सटासट शिंका आल्या. न्यायला आलेला मावसभाऊ विजय म्हणाला, "पावणं आलं की आधी शिंकत्यात. मग कळतंय भायेरचं हायत." त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी घरापर्यंत शिंकत गेलो.

जेवायला झुणका आणि ज्वारीची भाकरी होती. विजयची बायको शांता गोकाककडची, माहेरी कन्नड बोलणारी, पण मराठीही तितकीच सरसर बोलते. सोप्यात (पुढच्या खोलीत) टेबलावर मावशीचं शास्त्र होतं. काळे पुठ्ठे शाबूत होते, आतली पानं मात्र सगळी सुटलेली. शांतानं सांगितलं की मध्यंतरी झाडताना त्यातलं एक पान केरात गेलं आणि तिच्याच हातून सुपलीत आलं. ते बघून तिला रडू फुटलं. तेव्हाच घरात ठरलं की आता हे पिरनवाडीला न्यायचं. विजयनं आईसाठी टॅब आणला होता, तो त्यानं मोठ्या कौतुकानं दाखवला. शास्त्र मराठीत, कन्नडमध्ये, अक्षर हवं तेवढं मोठं. संध्याकाळी मावशी मात्र नेहमीसारखं आपलं शास्त्रच मांडीवर घेऊन भरभर वाचत बसली. मी मनात ताडलं की म्हातारीला कागदाचा लळा आहे, तो सुटत नाही. असे अंदाज मला फार पटकन येतात आणि बहुतेक चुकतात.

सकाळी आम्ही दोघं बेळगावच्या बसमध्ये बसलो. मावशीनं शास्त्र ओच्यात धरलं होतं. संकेश्वरच्या पुढे मी हवेसाठी खिडकी सरकवली आणि वाऱ्यानं एक पान उचललं. ते उडून पलीकडच्या सीटवरच्या बाईंच्या अंगावर पडलं. कपाळभर कुंकू, हातात फुलांची पिशवी, बोलणं कन्नड. पानावर काय आहे हे त्यांना ठाऊक नसावं. त्यांनी ते दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि मावशीला परत दिलं. मी ओशाळून खिडकी बंद केली.

मावशीनं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि मला विचारलं, "अरुण, कशाचं पान हाय रं ह्ये?" वर ठळक अक्षरात स्तोत्रसंहिता असं छापलेलं होतं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग तिनं हळू आवाजात सांगितलं की ही अक्षरं तिला दिसेनाशी होऊन बराच काळ झाला. रोज संध्याकाळी ती पानं उलटते आणि पाठ आहे ते म्हणते. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं.

मी म्हटलं, मग टॅबवर वाच की.

"वाचलं की. लई झ्याक दिसतंय त्यात. पयल्या दिवशी डोळ्यांत पानीच आलं, परत वाचाय येतंय म्हनून." तिनं पान शास्त्रात सरकवलं. "पन वाचू कोन देतंय? ह्ये पुस्तक मांडीवर घेतलं की घरात कोन मोठ्यानं बोलत न्हाय. टीव्ही बारीक हुतोय. सुनेला ठावं हाय, आत्ती शास्त्र वाचत्यात, हाक मारायची न्हाय. आनि त्यो टॅब हातात घेतला की म्हनत्यात, आत्ती, मोबाईल बघत बसलाय तवर जरा लसूण सोला की."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. पुस्तक मातीत गेलं की मावशीची दिवसातली ती एक निवांत घटका जाणार होती. शांताला दोष देण्यात अर्थ नव्हता. टॅबकडे बघणारं माणूस काय वाचतं, हे लांबून कुणाला कळणार? मांडीवरचं काळं पुस्तक मात्र दारातूनच सांगतं की आत्ता इथं कोण कुणाशी बोलतंय. छापील बरं की मोबाईलवरचं बरं, यावर मी कितीदा वाद घातला असेल, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

बेळगावात उतरून थोडा कुंदा (दूध आटवून केलेली तपकिरी मिठाई) घेतला आणि शहर बसनं पिरनवाडी गाठली. आईच्या आठवणीतलं गाव मला सापडलं नाही. जिकडेतिकडे नवी घरं आणि रंगाची दुकानं. दफनभूमीत मात्र चुन्याचा वास आणि माणसांची लगबग होती. कोपऱ्यात खड्डा तयार होता. तिथल्या तरुण पाळकसाहेबांनी (पाद्र्यांनी) प्रार्थना केली आणि एकेक जण आपलं शास्त्र खाली ठेवू लागला.

मध्येच योहानअण्णा नावाचे गृहस्थ पुढे झाले. त्यांच्या हातात पांढऱ्या रुमालात बांधलेला जुना, बंद पडलेला मोबाईल होता. बायको दवाखान्यात असताना त्यांनी तिला त्याच्यावरून शास्त्र वाचून दाखवलं होतं. तो भंगारवाल्याला कसा द्यायचा, म्हणून ते मातीत ठेवायला आले होते. दोघातिघांना हसू आलं. मलाही आलं, पण अण्णांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

पाळकसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "अण्णा, बॅटरी मातीत घालायची नाही, माती नासते. आणि शास्त्र म्हणजे आतलं वचन. हा नुसता डबा आहे. डबा कुठंही गेला तरी वचनाला काही होत नाही." अण्णांना ते कितपत पटलं, देव जाणे. त्यांनी मोबाईल पुन्हा खिशात ठेवला.

मग मावशीची पाळी आली. ती खड्ड्यापाशी बसली आणि एकदम वर बघून म्हणाली, "पाळकसाहेब, मग ह्ये पुठ्ठं बी डबाच म्हनायचं की. ते म्या घरी न्हेऊ?"

अशी विचारणा आजवर कुणी केली नसावी. स्वतःच्याच बोलण्यात सापडल्यासारखे हसून पाळकसाहेबांनी मान डोलावली. मावशीनं पानं कापडात घेतली, हातानं सारखी केली आणि खाली ठेवली. तेव्हा मात्र ती रडली. लग्नात वडिलांनी दिलेलं पुस्तक होतं ते. माझेही डोळे भरून आले. रिकामे पुठ्ठे तिनं पिशवीत टाकले, ते आठवण म्हणून असतील असं मला वाटलं.

दिवे लागायच्या वेळी आम्ही निपाणीला परतलो. हातपाय धुऊन मावशी सोप्यातल्या आपल्या खुर्चीवर बसली. तिनं मांडीवर काळे पुठ्ठे उघडले आणि त्यांच्यामध्ये टॅब ठेवला. बरोबर बसला. ती वाचू लागली. आदल्या संध्याकाळी ऐकलेलं तिचं पाठ म्हणणं भरभर धावत होतं. आता ती शब्दाला शब्द लावत होती, अडत होती, मागे जाऊन पुन्हा वाचत होती.

आतून शांता लसणाची ताटली घेऊन आली आणि दारातच थांबली. टॅबचा उजेड मावशीच्या चष्म्यात पडला होता, तो लपण्यासारखा नव्हता. शांतानं ते बघितलं, टीव्हीचा आवाज कमी केला, आणि पाय न वाजवता माघारी गेली. लसूण तिनंच सोलला.

पुण्याला आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सवयीनं गॅलरीत मोबाईलवर स्तोत्र वाचत बसलो. बायकोनं आतून सांगितलं की मोबाईल बघून झाला असेल तर दूध आणा. मी मुकाट्यानं दूध आणलं. मग कपाटातून लग्नात मिळालेलं माझं छापील शास्त्र काढलं. बांधणी अजून घट्ट आहे, एकही पान सुटलेलं नाही. मावशीसारखे पुठ्ठे हवे असतील तर आधी ते पानं सुटेपर्यंत वाचावं लागेल.