दिवाळीचं तेल आणि समुद्राचा चिखल

माझी मावसबहीण दीप्ती घाडी मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत चिखल धुते. नोकरीचं हे वर्णन माझं; तिचं ऐकायला बसलात तर चहा निवतो. अरबी समुद्राच्या तळातून जहाजाने उपसलेला गाळ तिच्याकडे येतो. वरच्या पाण्यात जगून मेलेलं बारीक शेवाळ त्यात हजारो वर्षं थरावर थर बसलेलं असतं. त्या शेवाळाच्या अंगात मेणासारखा एक पदार्थ असतो. पाणी गार असलं की त्याची घडण एक, कोमट असलं की दुसरी. शेवाळ कुजतं, मेण टिकतं. ते काढून मोजलं, की त्या काळी समुद्र किती गार होता ते कळतं.

"म्हणजे मेलेल्यांचा ताप बघतेस," मी म्हटलं.

"हो, आणि ते जिवंतांसारखे खोटं बोलत नाहीत."

या कामाचा वैरी म्हणजे तेलकट हात. म्हणून दीप्तीला केसांना तेल बंद, हाताला क्रीम बंद. कांदिवलीच्या घरी तिच्या आईचा, प्रेमामावशीचा, यावरून रोज जीव जातो. "केसांका त्याल लावचा नाय! ही नोकरी आसा काय सुतक?"

गेल्या नरक चतुर्दशीला मावशीने डाव साधला. दीप्ती पेंगत पाटावर बसली आणि डोक्यावर खोबरेलाची धार सुरू झाली. हिमयुगातल्या एका थराचं काम अर्धवट होतं, म्हणून फराळ करून बाई सुट्टीच्या दिवशी मुलुंडला. तिथे मोजे घातलेल्या हातानेच तिने कपाळावरची बट मागे सारली आणि काम चालू ठेवलं.

यंत्राच्या आलेखात शेवाळाच्या मेणाचे दोन सुळके दिसायचे, तिथे अख्खा सह्याद्री उभा. त्या थराचा चिखल होता चिमूटभर, तो संपलेला. जहाज परत कधी जाणार, कोण जाणे. प्रयोगशाळेच्या प्रमुख रेवती मॅडमच्या आलेखात ऐन गारठ्याच्या जागी भोक पडणार होतं.

सुट्टी संपताच ती सरळ मॅडमसमोर उभी राहिली. "मॅडम, वाट लागली. थरात खोबरेल गेलंय. माझ्या केसांतलं."

मॅडमनी आलेख पाहिला. "छान. हिमयुगात नारळ! चिखलातून काढलेला अर्क उरलाय का?"

"बाटलीच्या तळाशी, थोडासा."

"तेलात कॉस्टिक सोडा घालून तापवलं तर काय होतं?"

"साबण."

"आणि शेवाळाच्या मेणाचं?"

"त्याचा साबण... होत नाही?"

"मला काय विचारतेस? करून बघ ना."

तिने केलं. तेलाचा साबण होऊन पाण्यात उतरला, मेण पाण्यावर तरंगणाऱ्या द्रावकात राहिलं. ते तिने यंत्रात सोडलं आणि मला फोन लावला, कारण एकटीला बघवेना.

"आले रे! दोनच सुळके. थांब, हिशेब करते... आजच्यापेक्षा अडीच अंश गार!"

"बरोबर कशावरून? परत नारळ नसेल कशावरून?"

"खालच्या थराशी जुळतंय ना. पण वरच्या, म्हणजे नंतरच्या थरात एकदम गरम आहे. मध्ये काय झालं असेल रे?"

मी काही बोलायच्या आत "मधला चिखल काढते" म्हणत तिने फोन ठेवलासुद्धा.