कुठं ते दावा

दापोडीत रेल्वे फाटकाजवळ एक शिंपी बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्यावर ओरडण्यातच माझा वेळ जायचा. पिंपरीच्या नव्या कारखान्यात मी कारकून होतो. साहेब माझ्यावर ओरडले, की मी घरी येऊन दोन दिवस अबोला धरायचो आणि त्याला स्वाभिमान म्हणायचो.

एकदा नवा कोट अंगात चढवून मी शिंप्यावर तोंडसुख घेतलं. “सगळा कोट बिघडवलास!”

त्यानं खिशातून खडू काढला. “सगळा म्हंजी कुठं? नुसता राग उसवता येत न्हाई, साहेब. जागा दावा.”

मी दाखवत गेलो, तो खुणा करत गेला. बटणांपाशी मात्र खडू थांबला. “हितं कोट बरोबर हाय. तुमचं पोट वाढलंय.”

आठवड्यानं साहेब माझ्या फायलीवरून कडाडले, “सगळं काम बिघडवलंस!”

मी पेन्सिल काढली. “कुठं, साहेब?”

त्यांनी सात जागा दाखवल्या. सहा चुका खऱ्याच होत्या. मी खुणा केल्या. सातव्या जागी पेन्सिल थांबवून म्हणालो, “ही तुमची दुरुस्ती आहे, साहेब.”

साहेबांनी कागद जवळ ओढून ती ओळ पुन्हा वाचली. मग समोरची खुर्ची दाखवून म्हणाले, “बसा.”

चार वर्षांत त्यांनी मला ‘बस’सुद्धा म्हटलं नव्हतं.