विरजण की विसर्जन

पुष्करला मराठी धड येत नाही, हा त्याचा गुन्हा नाही. येतं असं तो सांगत फिरतो, हा आहे.

नोएडातल्या आमच्या छोट्या कंपनीत कुसुमावती देव सहा वर्षं टेक्निशियन आहेत. शेजारच्या सरबताच्या कारखान्याचं गोड सांडपाणी आमच्या टाकीत येतं. हवा लागू दिली नाही की जंतू त्यातली साखर खातात आणि हायड्रोजन सोडतात. सांगायला दोन ओळी. पण त्याच गाळात हायड्रोजन फस्त करणारे जंतूही असतात. ते मारून हवे तेवढे जगवले कुसुमताईंनी. रविवारीसुद्धा येऊन त्यांना साखरपाणी घातलं. माहितीपत्रकात फोटो मात्र साहेबांचा, म्हणजे पुष्करचा.

निवडलेल्या जंतूंची एक बरणी ताई फ्रिजमध्ये ठेवत. टाकी धुतली की त्यातलं थोडं घालून पुन्हा सुरू. म्हणून बरणीवर चिठ्ठी होती: विरजण.

सोमवारी पाहुणे येणार म्हणून शुक्रवारी टाकी धुतली. पुष्करने हौसेनं फ्रिजही साफ केला आणि बरणी नालीत ओतली.

"तुम्हीच तर लिहिलं होतं, विसर्जन!" दिल्लीच्या द्वारकेत वाढलेले साहेब म्हणाले. "दुसरं बनवा ना यार, प्रोसेस तर आहेच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई रिकामी बरणी उलटी करून बघत होत्या.

विरजण आता एकाच ठिकाणी उरलं होतं. जानेवारीत ताईंनी द्वारकेतल्या तेजश्रीला, एका संशोधक मुलीला, बाटलीभर दिलं होतं. कुणी विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यावरून पुष्करने त्यांना मेमो दिला होता: कंपनीची मालमत्ता बाहेर दिली. चांगला दोन पानी!

आता तोच म्हणाला, "ताई, तिच्याकडून घेऊन या ना, प्लीज."

ताईंनी ड्रॉवरमधला मेमो काढून त्याच्यासमोर आपटला. सहा वर्षं त्याला 'सर' आणि 'तुम्ही' म्हणणाऱ्या बाईचा आवाज चढला.

"मी नाही जाणार. तू जा. रिकामी बरणी घेऊन मेट्रोनं जा आणि त्या पोरीच्या दारात उभं राहून माग."

"पण काय म्हणून मागू?"

ताईंनी बरणीवरची चिठ्ठी सोलली आणि त्याच्या तळहातावर दाबून चिकटवली.

"वाच. मोठ्यानं."

सगळं ऑफिस बघत होतं.

"वि... र... जण."

"पुन्हा," ताई म्हणाल्या.