बंपरवरचं कुंकू
चंदेरी स्प्रेचा वास आला की तो दसरा आठवतो. गाड्यांच्या बंपरवर चकचकीत क्रोम चढवणारा जवळचा कारखाना विषारी पाणी सरळ नाल्यात सोडायचा, म्हणून मी पंचवटीत त्याच्याविरुद्ध पत्रकं वाटत होतो. वडिलांनाही बजावलं, “बंपर तिथे द्यायचा नाही.” त्यांची जुनी गाडी लग्नात नवरदेवासाठी भाड्याने जायची, घर त्यावरच चालायचं. त्यांनी अंगणातच गंज घासून चंदेरी रंग मारला. तो सुकायच्या आत आईने पूजेचं ओलं कुंकू लावलं आणि ते रंगात मुरलं. गाडी ठरवायला आलेला नवरदेवाचा मामा हसला, “काका, डबा रंगवलाय का?” आणि निघून गेला. वडील म्हणाले, “तुझं एक पत्रक दे, कुंकू पुसून बघतो.” मी दिलं. कारखाना अजून चालू आहे. गाडी तेव्हापासून दारातच उभी आहे. मला आता रागही येत नाही.