मार्लिनचं घर

नागपूरच्या विमानतळावर बाबांना आत येता येत नव्हतं, म्हणून ते काचेच्या दाराबाहेर आमच्या ट्रॉलीला हात लावून उभे होते. आई रडत होती. बाबा रडले नाहीत, पण तेच ते दहादा सांगत राहिले. "तिकडे गेल्यावर आधी घर घ्या बाई. किरायाच्या घरात जिंदगी नको काढू. दारावर आपलं नाव पाहिजे." मिलिंद, माझा नवरा, जावयाने मान हलवावी तशी मान हलवत होता. बाबांची अख्खी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये गेली. आमच्या दारावर नाव नव्हतं, ऑइलपेंटने काढलेला नंबर होता. ते रिटायर झाले आणि त्या नंबरात दुसरी माणसं राहायला आली.

पहिली काही वर्षं आम्ही नेपरव्हिलला अपार्टमेंटमध्ये काढली. मग मिलिंदला इलिनॉयमध्येच, पण चार तास लांब, मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या एका प्लांटमध्ये चांगली पोस्ट मिळाली. गाव एवढंसं. मधोमध कोर्टाची दगडी इमारत, तिच्याभोवती चौक, चौकात उन्हाळाभर दर शनिवारी बाजार, आणि चारी बाजूंना मका. नेपरव्हिलच्या मैत्रिणी म्हणाल्या, "तिथे कोण राहतं यार? कोथिंबीर तरी मिळते का?" कोथिंबीर मिळत नव्हती. पण घर मिळत होतं. पांढरं, लाकडी, पुढे ऐसपैस पोर्च, मागे मेपलचं झाड. आम्ही घेतलं. नेपरव्हिलहून चार कुटुंबं ड्राइव्ह करून आली, हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, सगळ्यांनी खीर खाल्ली. बाबांना व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली दाखवली. त्यांनी बाथरूमसुद्धा बघितली.

दुसऱ्या दिवशी किचनचा नळ गळायला लागला. प्लंबरला फोन करून पत्ता सांगायला लागले तर तो म्हणाला, "ओह, मार्लिन्स हाउस!" आणि पुढचं न ऐकताच फोन ठेवून आला.

मार्लिन म्हणजे आमच्या आधीची मालकीण. नवरा गेल्यावर तिला एवढं घर झेपेना, म्हणून ती चर्चमागच्या छोट्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेली होती. पण घर काही तिला सोडायला तयार नव्हतं. फार्मसीत, बँकेत, लायब्ररीत, कुठेही पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा उजळायचा. "अच्छा, तुम्ही मार्लिनच्या घरात राहता!" राहता, म्हणजे जणू सुट्टीत आलोय.

सुरुवातीला मी हसून घेतलं. मग नागपूरहून पितळेची पाटी बनवून मागवली, वर देवनागरीत आणि खाली इंग्रजीत 'मेश्राम'. इथे दाराला अशी पाटी कुणी लावत नाही, हे मला माहीत होतं. मुद्दाम लावली. मिलिंदने लेव्हल धरून सरळ ठोकली. दोन दिवसांनी शेजारचे आजोबा कुत्र्याला फिरवत आले, चष्मा वर करून पाटी बघितली आणि मनापासून म्हणाले, "मार्लिनच्या पोर्चवर ही पाटी फार शोभते." मी थँक्यू म्हटलं आणि आत येऊन भांडी आदळली.

मला मार्लिनचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, चांगला जळजळणारा. ती खडूस असती तर सोपं झालं असतं, पण बाई गोड होती. शनिवारच्या बाजारात ती स्ट्रॉबेरी जॅमच्या बाटल्या घेऊन बसायची आणि अर्धं गाव तिच्या टेबलाशी घुटमळायचं. कुणाच्या बाळंतपणाची चौकशी, कुणाच्या गुडघ्याची. मी भाजी घेत उभी राहायची आणि माझ्याशी मात्र सगळे हवामानाबद्दल बोलायचे. शेवटी मीही एक टेबल लावलं आणि आलूबोंडे केले. तासाभरात फडशा पडला. बँकेतली बाई तिसरा बोंडा उचलत म्हणाली, "विचार कर, हे मार्लिनच्या किचनमध्ये बनलंय!" त्या दिवशी माझी मुलगी सिया माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ नेम." तिला काय कळणार? तिच्या जन्मात तिला क्वार्टरच्या नंबरात राहावं लागलं नव्हतं.

अशी वर्षं गेली. आम्ही छप्पर बदललं, बेसमेंट नीट केलं, अंगणात वांगी लावली. सिया तिथेच सायकल शिकली, तिथेच पडून हात मोडून घेतला. घर मार्लिनचंच राहिलं.

मग मिलिंदला नॉर्थ कॅरोलिनातल्या एका फार्मा कंपनीत नोकरी लागली आणि आमचं तिथल्या कॅरी या शहरात जायचं ठरलं. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? कॅरीत आपली माणसं, आपली दुकानं. घर विकायला काढलं तशी गावात बातमी पसरली, मार्लिनचं घर विकतायत. घर बघायला केटी आली, शाळेत शिकवणारी, नुकतं लग्न झालेली. किचनमध्ये टेप लावून मापं घेत ती नवऱ्याला म्हणाली, "ही भिंत पिवळी करू या." माझी भिंत. मी सिंकपाशी उभी राहून हसत होते आणि वाटत होतं, हिला सांगावं, मन बदललंय आमचं, डील कॅन्सल. तोवर मला फक्त आधीच्या बाईचा हेवा वाटत होता. आता नंतरच्या बाईचाही वाटायला लागला.

निघायच्या दिवशी सामानाच्या ट्रकशेजारी मार्लिन निरोप द्यायला आली. मला मिठी मारली आणि म्हणाली, "घर किती छान सांभाळलंस, अंजू. थँक यू." भाडेकरू चावी परत देताना घरमालकीण म्हणते ना, अगदी तसं. मी तिचे आभार मानले. दुसरं काय करणार?

कॅरीत सगळं आहे. कोथिंबिरीची जुडी, कढीपत्ता, आंबेडकर जयंतीला भरलेला हॉल, सियाच्या मैत्रिणींच्या आया मला ताई म्हणतात. आमच्या कॉलनीतली घरं सगळी एका रंगाची. रंग बदलायचा तर कमिटीला विचारायचं. कुणाकडे जायचं असलं की फोनमध्ये नंबर टाकायचा आणि फोन सांगेल तिथे वळायचं. आमच्या आधी या घरात कोण राहत होतं, मला माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही. इथे मी कुणावर जळत नाही, आणि म्हणूनच मला करमत नाही.

परवा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते, तेव्हा केटीचा मेसेज आला. आमच्या नावाचं एक पाकीट तिच्याकडे आलं होतं, ते पुढे पाठवते म्हणाली. मग खाली लिहिलं होतं, "एक विचारू? काल प्लंबर आला, पत्ता सांगितला तर म्हणाला, ओह, अंजूज हाउस. बाजारातही सगळे असंच म्हणतात. मी पोर्च नवा रंगवला तर म्हणाले, अंजूचा पोर्च छान दिसतो. हे असं किती दिवस चालतं?"

मी मेसेज तीनदा वाचला. आधी आनंद झाला, इतका की एकटीच हसले. मग डोळ्यांत पाणी आलं आणि त्यापाठोपाठ राग. मी तिथे होते तेव्हा एकदा, एकदा तरी म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? ज्या गावाने माझं घर मला राहताना दिलं नाही, त्याने मी निघून गेल्यावर दिलं. आणि आता केटी तिथे वर्षानुवर्षं राहील, छप्पर बदलेल, पोरं वाढवेल आणि माझं नाव ऐकत राहील. तिचं नाव लागेल ते ती घर सोडून गेल्यावर. हे तिला सांगायला हवं होतं. मी लिहिलं, "थोडे दिवस चालेल गं. मग विसरतात लोक."

आता मला कुणी घर कुठे म्हणून विचारलं, तर तोंडाने कॅरी सांगते आणि मनात तो चौक येतो. तिकडे केटी पोर्चवर बसून माझ्या नावाने बोटं मोडत असेल. मोडू दे. बोटं मोडायला तिच्याकडे पोर्च तरी आहे.