भाऊंचा उजवा खांदा

मी हे लिहावे की नाही, हे अजून माझे ठरत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेही प्राणिशास्त्र शिकायला. परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. एखाद्या माणसाविषयी लिहायचा अधिकार मला कोणी दिला, असे तुम्ही विचारलेत तर तो कोणीच दिलेला नाही. पण आमच्या गावात भाऊंना ओळखणारे सगळे आहेत आणि लिहिणारे कोणीच नाही. म्हणून ही धिटाई. चुकले तर सांभाळून घ्या.

भाऊ रामराम करायचे तो डाव्या हाताने. बस थांबवायची तीही डाव्याच हाताने. उजवा हात कोपरात दुमडून बरगडीला चिकटवलेला, बाजारातून बगलेत कोंबडी धरून आणल्यासारखा. नवा माणूस विचारायचाच, "हाताले काय झालं, भाऊ?"

भाऊ चेहरा गंभीर करून सांगायचे, "काही नाही. आत पाहुना बसला आहे. हात वर केला का निंगून जाते."

ते आमचे शेजारी. राळेगाव तालुक्यातले आमचे गाव, गावाच्या कडेला तलाव, आणि तलावाला लागून भाऊंचे शेत. शेतीपेक्षा त्यांचे नाव कबड्डीत मोठे. चढाईला निघाले की समोरचे सात जण आपोआप मागे सरकायचे.

पाहुणा बाहेर गेलेला मी पहिल्यांदा पाहिला तो मैदानावरच. दोघांनी भाऊंची कंबर धरली होती, आणि भाऊ उजवा हात लांबवून मधल्या रेषेकडे सरपटत होते. तेवढ्यात त्यांच्या खांद्याची गोलाई गेली. खरेच गेली. खांदा चौकोनी दिसायला लागला आणि बगलेच्या पुढे कातडीखाली एक गोळा उभा राहिला. सगळे जागच्या जागी उभे राहून पाहायला लागले.

भाऊच ओरडले, "अबे, पाहून काय राह्यले? पाहुना गेला! सरका तिकडं!"

मग ते मातीत बसले, एक गुडघा उभा केला, दोन्ही हातांची बोटे गुडघ्यापुढे गुंफली आणि हळूहळू मागे रेलले. टक् असा आवाज झाला. ओला दोर गाठीतून सुटावा तसा. "आला घरी," ते म्हणाले, आणि सगळे मैदान हसत टाळ्या वाजवायला लागले.

त्यानंतर ती गावाची गंमतच झाली. एकदा एका लग्नात अक्षता टाकताना खांदा निसटला. भाऊ असे बोंबलले की बँड थांबला आणि नवरीचा मामा पाट सोडून पळाला. भाऊंनी मांडवातच गुडघा धरला, मागे रेलले, टक्. "वाजवा बे, वाजवा! थांबले कायले?" वऱ्हाडी मंडळींना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पोट्टे मागे लागले, "भाऊ, अजून एकडाव!"

न हसणारी एकच, वहिनी. ती दारातून म्हणायची, "तुमाले हासाले काय जाते? घरी कन्हते तो मले आयकू येते."

ती हसायची ते वर्षातून एकदा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून कडक झालेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि बैलांना निमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या दिवशी भाऊ अंगातला सदरा काढून बैलांच्या शेजारी जाऊन बसत. "हा तिसरा बैल राह्यला," म्हणत. वहिनी त्यांच्याही खांद्याला तूप-हळद चोळायची आणि म्हणायची, "शेकून देतो. पन या बैलाले जेवाले बोलावत नाही मी."

कॉलेजात सरांनी एक दिवस टेबलावर हाडे मांडली. आधी खुबा दाखवला. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोल उखळीत असा बसला होता की काढायला हिसका द्यावा लागला. मग खांदा. खवाट्याच्या हाडावर जी वाटी असते ती मी हातात घेतली आणि मला धक्काच बसला. इतकी उथळ? चहाची बशी बरी. सरांनी तिच्यावर दंडाच्या हाडाचा गोळा टेकवला आणि हात काढला. हाड टेबलावर आपटले. "इथं हाडाला हाड धरत नाही," सर म्हणाले, "स्नायू आणि बंध धरतात. तेही एकदा फाटले की फाटत जातात."

सुट्टीत गावी आल्यावर मी हे भाऊंना सांगितले. ते खूप वेळ ऐकत होते.

"म्हंजे कंबरेले देवानं उखळ देलं अन् खांद्याले बशी? असा भेदभाव काहून?"

"हात चहूकडं फिरावा म्हणून, भाऊ."

"मंग बरोबर आहे. फिरतीवरचा मानूस घरी कमीच राहते."

मी हसलो नाही. दवाखान्यात चला म्हणालो. ते टाळत राहिले. मग झोपेत कूस बदलताना खांदा निसटला, तेव्हा वहिनीनेच त्यांना माझ्याबरोबर यवतमाळला पाठवले.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारले, "किती वेळा निसटला आहे?"

"मोजनं सोडलं, बाई."

बाई हसल्या नाहीत. "वाटीची कड तुटली आहे. ऑपरेशन करावं लागेल. तोवर हात डोक्याच्या वर न्यायचा नाही. कबड्डी बंद, पोहणं बंद." ऑपरेशनची तारीख पोळ्यानंतरच्या आठवड्यातली मिळाली.

परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीबाहेर पाहत होते. राळेगाव जवळ आल्यावर म्हणाले, "कॉलेजवाले, एक सांगू? मायी पोट्टी तीन वर्साची झाली, मी तिले अजून खांद्यावर नाही बसवलं. लोकं आपापले लेकरं बसवून जत्रेत फिरते. मले भेव वाटते, ती वर असताना निसटला तं?" मग थोडे हसून, "होऊ दे ऑपरेशन. पुढच्या पोयाले तिले खांद्यावर बसवून बैलाईसंगं तोरनाखाली नेतो."

गावात त्यांनी डॉक्टरांचा निरोप सांगितला, तोही आपल्या पद्धतीने. "हात वर नाही करा लागत म्हंते." पारावरचे म्हणाले, "मंग इलेक्शनले उभा राह्यला तं हात कसा हालवशीन, भाऊ?" आणि पुन्हा हशा.

या पोळ्याला मी गावी नव्हतो. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून मी यवतमाळला खोलीवर हाडांची नावे पाठ करत बसलो होतो. सकाळपासून घरून फोन नव्हता. दरवर्षी बैल सजले की बाबा फोन करतात. मला वाटले, गडबडीत असतील.

संध्याकाळी फोन आला. बाबांनी जे सांगितले, ते मी जसे ऐकले तसेच लिहितो.

सकाळी सगळ्यांनी बैल तलावात धुवायला नेले होते. भाऊंचा एक बैल खोल पाण्यात गेला आणि त्याचा कासरा पाण्यातल्या बाभळीच्या खुंटात अडकला. बैल गटांगळ्या खायला लागला. भाऊंनी कोणाची वाट पाहिली नाही, उडी टाकली. कासरा सोडवला. बैल काठाकडे निघाला. भाऊ मागून यायला लागले, आणि हात मारताना त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर गेला.

"तो बोंबलला," बाबा म्हणाले. "पाहुना गेला म्हनून बोंबलला."

"मग?"

"पान्यात गुडघा कुठी धरनार तो?"

"पण बाबा, काठावर तर सगळं गाव होतं ना? कोणी गेलं नाही?"

"तुले सकायीच फोन करनार होतो, बापू," बाबा म्हणाले. "पन काय सांगू? तो बुडून राह्यला होता अन् आमी काठावर हासून राह्यलो होतो. मीबी."